आनंदाची मोजणी

तैत्तिरीय उपनिषदातील ब्रह्मानंदवल्लीने आनंद चक्क मोजायला घेतला आहे. माप ठरवताना ऋषी हात आखडता घेत नाही. माणूस तरुण हवा, सज्जन, शिकलेला, धडधाकट हवा. शिवाय संपत्तीने भरलेली सारी पृथ्वी त्याच्या मालकीची हवी. हा झाला एक मानुष आनंद. त्याच्या शंभरपट मनुष्यगंधर्वांचा, त्याच्याही शंभरपट देवगंधर्वांचा. पितर, देव, इंद्र, बृहस्पती, प्रजापती असे टप्पे घेत हिशेब ब्रह्मापर्यंत चढतो. दहा वेळा शंभराने गुणायचे!

आणि दुसऱ्या पायरीपासून दर वेळी एकच जोड येते: कामनेने ज्याला घायाळ केलेले नाही, अशा वेदज्ञालाही हाच आनंद लाभतो. इंद्राला जे इंद्रपद मिळवून भोगता येते, ते याला जागच्या जागी मिळते.

‘आहे त्यात समाधान मान’ असा याचा अर्थ लावून उपाशी माणसाला गप्प बसवणे सोपे आहे. आपल्याकडे ते पिढ्यानपिढ्या झाले. पण उपनिषदाने मोजणी आरोग्य, विद्या आणि धनापासूनच सुरू केली आहे. पुढच्या भृगुवल्लीत तर अन्न भरपूर करावे, हे व्रतच सांगितले आहे. प्रश्न आहे तो पोट भरल्यानंतरचा.

१९७८ मध्ये अमेरिकेतील फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी इलिनॉयच्या लॉटरीत मोठी बक्षिसे मिळालेल्या २२ जणांची पाहणी प्रसिद्ध केली. इतरांहून ते फारसे सुखी आढळले नाहीत. उलट मित्राशी गप्पा, सकाळची न्याहारी अशा रोजच्या गोष्टींतली त्यांची गोडी कमी भरली. नमुना लहान आहे, पण घबाडाच्या आशेवर जगणाऱ्या प्रत्येकाने ही पाहणी वाचावी.

याच्या अगदी उलट टोकाला आनंदवन आहे. वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर १९५१ मध्ये बाबा आमटे आणि साधनाताईंनी सहा कुष्ठरुग्णांसह काम सुरू केले. उपनिषदाच्या मोजणीत या सहा जणांना पहिल्या पायरीवरही जागा नव्हती: ना आरोग्य, ना धन. भिक्षेने माणूस खचतो, कामाने उभा राहतो, ही बाबांची धारणा होती. म्हणून त्यांनी रुग्णांच्या हाती काम दिले. कामनेच्या तडाख्यातून सुटण्याची ही वाट संन्यासाहून मला अधिक खरी वाटते, कारण इथे माणूस घेणाऱ्याचा देणारा होतो. ज्या समाजाने या माणसांना गावाबाहेर काढले, त्याच समाजाच्या मुलांसाठी १९६४ मध्ये आनंदवनात महाविद्यालय सुरू झाले.