धुराचें ऋण

१४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर स्फोट झाला, आणि आग विझविण्यास गेलेले ६६ बंबवाले प्राणांस मुकले. दरवर्षीं त्या दिवशीं त्यांचें स्मरण होतें, हें योग्यच आहे. परंतु जो आगींतून जिवंत परत येतो आणि वीस वर्षांनीं अंथरुणावर झिजून मरतो, त्याची गणना कोठें करावयाची, हा प्रश्न मात्र आपणांस सहसा सुचत नाहीं.

प्रश्न काल्पनिक नव्हे. न्यूयॉर्कच्या अग्निशामक दलाचे ३४३ लोक ११ सप्टेंबर २००१ या एका दिवशीं मेले. त्या ढिगाऱ्यावर काम केल्यामुळें जडलेल्या आजारांनीं पुढें मेलेल्यांची संख्याहि २०२३ च्या सप्टेंबरांत तितकीच भरली.

आजच्या घरांत केवळ लाकूड जळत नाहीं. प्लॅस्टिक, फोम, तारांवरचीं वेष्टनें पेटलीं म्हणजे बेंझीनसारखीं अनेक विषारी द्रव्यें धुरांत मिसळतात, आणि श्वासावाटें व कातडीवाटेंहि रक्तांत शिरतात. त्यांचा निचरा करण्याचें काम मुख्यतः यकृताचें. पण कांहीं द्रव्यांचें रूपांतर होतांना मूळच्याहून जहाल पदार्थ उत्पन्न होतात, आणि रक्षण करितां करितांच रक्षकाला इजा पोंचते. हें इंद्रिय मोठें सोशिक. बराच बिघाड होईपर्यंत तें तक्रार करीत नाहीं.

येथें एखादा न्यायी वाचक म्हणेल कीं, यकृत मद्यानें बिघडतें, मेदानें बिघडतें, मधुमेहानेंहि बिघडतें. याचें धुरानेंच बिघडलें हें कशावरून? शंका रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०२२ सालीं अग्निशामकाचा व्यवसायच कर्करोगकारक ठरविला. तथापि पुरेसा पुरावा मानला तो मूत्राशयाच्या कर्करोगाविषयीं व मेसोथेलिओमाविषयीं, यकृताविषयीं नव्हे. मग संशयाचा फायदा कोणाला द्यावयाचा?

माझ्या मतें उत्तर त्या मनुष्याच्या वर्तनांतच आहे. घर कोणाचें, आग कोणाच्या चुकीनें लागली, आंत खरोखर कोणी अडकलें आहे काय, याचा पुरावा मागून तो जिना चढला नाहीं. संशय असतांना त्यानें धोका आपल्याकडे घेतला व फायदा आपणांस दिला. आज संशयाची पाळी त्याच्यावर आली असतां आपण पुराव्याचे कागद मागूं लागलों, तर तो हिशेब चोख असेल, न्याय्य असणार नाहीं. अमेरिकेंतील अनेक राज्यांत कांहीं कर्करोग बंबवाल्यास झाले तर ते व्यवसायजन्यच असें कायदा गृहीत धरतो. त्यामागील तत्त्व हेंच.

स्मारकास खर्च एकदांच येतो. चांगला मुखवटा, काजळी धुतलेला पोशाख आणि निवृत्तीनंतरहि रक्ताची नियमित तपासणी यांस तो दरसाल येतो. मेलेल्या वीराविषयीं आपला आदर इतका उत्कट असतो, त्याचें हेंहि एक कारण नसेल ना, हें ज्यानें त्यानें आपल्या मनास विचारावें.