दर्शनाचा लोभ

फाल्गुन सरत आला की आमच्या ग्वाल्हेर-मुरैना बाजूच्या तलावांवर एक प्रकारची निरवानिरव सुरू होते. आमच्या उत्तरेकडील शेजाऱ्यांचा महिना पौर्णिमेस संपतो व आमचा अमावास्येस. त्यामुळे होळीनंतरच्या ज्या पंधरवड्यास आम्ही फाल्गुन वद्य म्हणतो, त्यासच ते चैत्र म्हणतात. पाहुणे पक्षी पुष्कळदा नेमके या दुहेरी नावाच्या पंधरवड्यात उठतात. पंचांग ते कोणाचे मानतात हे त्यांचे त्यांनाच ठाऊक. संस्कृत कवींनी रात्रीच्या विरहाचे दुःख ज्याच्या माथी मारले तो चक्रवाक लडाखकडे व तिबेटकडे निघतो. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हंस त्याच दिशेस हिमालय ओलांडून जातो. शास्त्रज्ञांनी यंत्रे बांधून माग काढला तेव्हा यांतील एक पक्षी सुमारे ७,२९० मीटर उंचीवरून गेल्याचे आढळले. वायव्येस जाणाऱ्या पळसमैनांचे थवे वाटेवर कुठे पिंपळावर, कुठे सावरीवर उतरतात. बदके तर एका रात्रीत नाहीशी होतात. सकाळी पाहावे तो पाणी रिकामे.

या दिवसांत पक्षी पाहावयास हिंडणारे पुष्कळ लोक असतात व त्यांत आमचीही गणना होते. जाणाऱ्यांच्या गर्दीत एखादा अनोळखी, वाट चुकलेला पक्षी दिसून जातो, ही त्यातील मोठी मौज. परंतु या मौजेविषयी आमच्या मनात एक प्रश्न उत्पन्न झाला आहे व तो या पत्रिकेच्या वाचकांपुढे ठेवावा असे वाटते. द्रव्याचा लोभ वाईट हे सर्वांस मान्य आहे. पाहण्याचा लोभही तसाच वाईट मानावा काय?

हा प्रश्न आम्हांस भरतपूर येथे सुचला. तेथील पक्षी-अभयारण्याचे नाव ‘केवलादेव’. आत केवलादेव महादेवाचे प्राचीन मंदिर आहे, त्यावरूनच ते पडले. जेमतेम एकोणतीस चौरस किलोमीटरांची ती पाणथळ भूमी, पण तीनशे सत्तरांहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद तेथे झाली आहे. पूर्वी ही भरतपूरच्या महाराजांची शिकारीची जागा होती. महादेवाच्या देवळाजवळ दगडी शिलापट उभे आहेत. भाविक मनुष्यास प्रथमदर्शनी वाटावे की दानशूरांची नावे असतील. जवळ जाऊन वाचले तर कोणत्या दिवशी, कोणाच्या सन्मानार्थ, किती बंदुकांनी किती पक्षी मारले याचे ते आकडे आहेत. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. देव आत, आकडे बाहेर. कोणास त्यात विसंगती वाटली नसावी, नाहीतर ते कोरले नसते.

आम्ही ते वाचीत असता शेजारी एक गृहस्थ आले. गळ्यात उत्तम दुर्बीण, हातात वही. शिलापटाकडे पाहून त्यांनी हळहळ व्यक्त केली, व लगेच आमच्या रिक्षावाल्यास (तो तेथे वाटाड्याचेही काम करतो) विचारले, “आज काही विशेष आहे का?” रिक्षावाल्याने जे होते ते सांगितले: सारस आहेत, हंस अजून थोडे आहेत, चक्रवाक आहेत. गृहस्थ म्हणाले, “ते सगळे माझे झाले आहेत,” आणि वही मिटून परत फिरले.

“माझे झाले आहेत” हे शब्द आमच्या मनातून जाईनात. त्या गृहस्थांस दोष देण्याचा आमचा हेतू नाही, कारण आमच्याही खिशात तसलीच वही होती. शिवाय “आज काही विशेष आहे का?” हा प्रश्न देवळात वाढलेल्या आमच्या कानांस नवा नाही. एकादशीस, शिवरात्रीस, उत्सवात सभामंडप पुरत नाही; आणि पौषातल्या एखाद्या मंगळवारी पहाटेच्या काकडआरतीला आमचे वडील, आम्ही व घंटा एवढेच असतो. मूर्ती तीच असते. कोणी चुकून आलाच तर गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी वडिलांस विचारतो, “गुरुजी, आज काही विशेष?”

कोणी म्हणेल, बंदूक आणि दुर्बीण एका पंक्तीस बसविणे हा निव्वळ शब्दच्छल आहे. बंदुकीने जीव जातो, दुर्बिणीने काय जाते? हा आक्षेप खरा आहे व त्याचे उत्तर सहज देता येत नाही. उलट मोजणाऱ्यांचे उपकारच मानावयास हवेत. पांढरेशुभ्र सायबेरियन क्रौंच पश्चिम सायबेरियातून अफगाणिस्तानमार्गे हजारो किलोमीटर उडून हिवाळ्यात याच केवलादेवास येत. १९६४-६५ च्या हिवाळ्यात ते सुमारे दोनशे होते. पुढे ते घटत गेले, १९९३ नंतर दोन हिवाळे एकही आला नाही, मग पुन्हा थोडे आले, आणि २००१-०२ मध्ये शेवटची एक जोडी आली. वसंतात ती उठून गेली. त्यानंतर कोणी आले नाही. हे आपणांस ठाऊक आहे ते कोणीतरी दरवर्षी वहीत आकडा लिहिला म्हणूनच. वाटेत, विशेषतः अफगाणिस्तान व पाकिस्तान या टापूत, त्यांची शिकार होत असे हेही त्यामुळेच ध्यानात आले.

याहून बोलके उदाहरण गिधाडांचे आहे. गिधाड पाहावयास कोण जातो? तरी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी याच अभयारण्यात १९८०च्या दशकात गिधाडे मोजली होती. पुढल्या दशकात पुन्हा मोजली तेव्हा ती झपाट्याने नाहीशी होत असल्याचे त्यांस दिसले आणि १९९९ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध त्यास कारण होते, हे २००४ मध्ये उलगडले. २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर आपल्या सरकारने बंदी घातली. ज्याच्याकडे पाहून लोक नाक मुरडतात त्या पक्ष्याची कोणी चिकाटीने गणती ठेवली नसती, तर गावोगावच्या ढोरफोडीवरून तो केव्हा गेला हेही आपणांस कळले नसते.

तेव्हा मोजणे वाईट नव्हे. भेद आहे तो आणखी कशात तरी. विभू प्रकाश यांची गिधाडे ‘होऊन गेली’ नव्हती. ती पुन्हा पाहावयाची होती. योगसूत्रांत अपरिग्रहास यमांत स्थान आहे. आपण त्याचा अर्थ धान्य, वस्त्र, द्रव्य यांपुरता घेतो. परंतु एकदा पाहिलेले खिशात टाकून त्याजकडे पाठ फिरविणे व पुढल्या वस्तूमागे धावणे, हाही परिग्रहच नाही काय? आणि ‘दुर्मिळ’ हा गुण तरी पक्ष्याचा कोठे आहे? १९६५ साली भरतपुरास क्रौंच नित्याचा होता. इराणमध्ये कास्पियन समुद्राच्या किनारी फेरेदुनकेनार येथे २००७ पासून कित्येक हिवाळे एकच सायबेरियन क्रौंच एकटा येत राहिला. लोकांनी त्यास ‘ओमिद’, म्हणजे ‘आशा’, असे नाव दिले व त्याच्या दर्शनास गर्दी होऊ लागली. तो अपूर्व झाला, कारण त्याचे सोबती मारले गेले.

वाल्मीकींची कथा येथे आठवते. ते तमसेवर स्नानास गेले होते. पक्षी पाहावयास नव्हे. (तो क्रौंच म्हणजे बहुधा आपला सारसच, असे पुष्कळ जाणकारांचे मत आहे.) मागावयास गेले नव्हते म्हणूनच समोर घडलेले ते पूर्णपणे पाहू शकले, असे आम्हांस वाटते, अर्थात हा आमचा तर्क.

आता आमची स्वतःची हकिगत सांगणे भाग आहे, नाहीतर हे सारे परोपदेशात जमा होईल. चैत्र-वैशाखात पाणचिरे चंबळेच्या वाळूच्या बेटांवर अंडी घालतात. नारिंगी चोच, खालचा भाग वरच्यापेक्षा लांब, व त्याने पाणी चिरीत जाणारा हा पक्षी आता जगात फार थोडा उरला आहे. घरटे कसले, वाळूतला एक खळगा. ऊन चढले की पक्षी नदीत पोट भिजवून येतात व अंड्यांवर बसतात. दोन वर्षांपूर्वी आम्हांस असे एक बेट सापडले. त्याच रात्री आम्ही मोबाइलवरून छायाचित्र व घाटाचे नाव दहा-बारा परिचितांस पाठविले. हेतू आनंद वाटण्याचा होता असे तेव्हा वाटले. पहिल्यांदा आम्ही पाहिले हे कळावे, हाही होता. रविवारी मंडळी आली, नावाड्यास पैसे दिले व बेटावर उतरली. आम्ही पुढे होतो. भर अकराच्या उन्हात तासभर पाणचिरे डोक्यावर ओरडत फिरत राहिले आणि आम्ही “किती जवळून दिसतात!” म्हणत उभे होतो.

आठ दिवसांनी गेलो तो खळगे रिकामे होते. वरच्या धरणाचे पाणी सुटले असेल, कोल्ह्याने अंडी नेली असतील. आमच्यामुळेच गेली असे काही सिद्ध होत नाही. हा युक्तिवाद आम्ही स्वतःपाशी इतक्या वेळा केला आहे की त्यातच त्याचे उत्तर आले.

यंदा पुन्हा एक बेट दिसले. आम्ही काठावरच्या दरडीवरून पाहिले, वहीत काही लिहिले नाही. उत्सवाच्या पंगतीत समाजातील एक वडीलधारे काका, ज्यांस पक्ष्यांचे मनापासून प्रेम आहे व ज्यांचे गुडघे आता फार चालू देत नाहीत, आम्हांस म्हणाले, “काय रे, यंदा पाणचिरे कुठे दिसले? एकदा डोळे भरून पाहीन म्हणतो.” आम्ही म्हणालो, “चंबळेकाठी, काका.” चंबळा सुमारे साडेनऊशे किलोमीटर लांब आहे. उत्तर खोटे नव्हते, आणि खरेही नव्हते. काकांनी मान डोलावली व ते जेवू लागले.

त्या एका वाक्याने आम्ही पक्ष्यांचे रक्षण केले, की दर्शन एकट्यापुरते राखून ठेवले? वडिलांस विचारले, तर ते म्हणाले, “काकांना दरडीवर नेऊन बसवायला तुला काय झाले होते?” हे आम्हांस सुचलेच नव्हते. आता नदीला पाणी चढले आहे आणि बेट दिसत नाही. काका पुढल्या चैत्रात पुन्हा विचारतील.