अकरा बांगड्या

त्या आषाढात वहिनींनी अकरा बांगड्या वाढवल्या, आणि त्यातली एकही त्यांची स्वतःची नव्हती.

बांगडी 'फुटली' म्हणायचं नाही, 'वाढवली' म्हणायचं, ही माझ्या आजीची ताकीद. लहानपणी मला वाटायचं, वाढवली म्हणजे कुठेतरी जास्तीची मिळत असेल. असो. त्या अकरांतल्या दोन माझ्या होत्या.

आमची सोसायटी डोंबिवली पूर्वेला. इमारत जुनी, तळमजल्याला एक हॉल, त्याला काळसर शहाबादी फरशी आणि तीन पंखे. त्यातला एक फिरतो. दर रविवारी संध्याकाळी पाच ते साडेसहा तिथे मंगळागौरीच्या खेळांचा वर्ग भरतो. 2023 साली केदार शिंदेंचा 'बाईपण भारी देवा' आला, सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेत उतरतात तो. आमच्या बायका तो तीनतीनदा पाहून आल्या, आणि परत येताना आपले गुडघे दुखतात हे विसरून आल्या. त्यातून वर्ग निघाला. फी महिना दोनशे. साठीच्या पुढच्यांना आणि शाळकरी मुलींना फुकट. त्यामुळे आठ वर्षांपासून चौऱ्याहत्तर वर्षांपर्यंत सगळं एका ओळीत.

शिकवायला बाई. महापालिकेच्या शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेल्या. गळ्यात शिट्टी अजून आहे, वाजवत नाहीत. पहिल्या रविवारी लहान मुली 'बाजीराव मस्तानी'तला पिंगा घरून बसवूनच आल्या होत्या. बाईंनी तो शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाल्या, "छान. पण त्या पिंग्यात कंबर फार आहे. आपल्या पिंग्याला श्वास फार लागतो." मग सगळ्यांना गात गात वाकायला लावलं. दोन मिनिटांत मुलींचं गाणं बंद आणि धापा सुरू. चौऱ्याहत्तरीच्या आजी मात्र संथपणे गातच होत्या, कारण त्यांनी वाकायचं सोडून दिलं होतं.

लग्नानंतरची पाच वर्षं श्रावणातल्या मंगळवारी गौर पुजायची, सोळा प्रकारची पत्री वाहायची आणि रात्र जागवायची. पण आता फ्लॅटमध्ये रात्री अकराला झिम्मा घातला तर खालच्या मजल्यावरचे काका बेल वाजवतात. म्हणून खेळ घरातून हॉलमध्ये आले. जी गोष्ट आईच्या, मावशीच्या हाताला धरून आपोआप यायची, ती आता ओळीत उभं राहून शिकावी लागते. मला यात वाईट काही वाटत नाही. माझ्या आईला फुगडी येत नव्हती. माझ्या मुलीला येते.

बाईंच्या वर्गात झिम्मा, कोंबडा, आगोटापागोटा, सूप नाचवणं असं सगळं होतं, पण जीव होता तो फुगडीत. डिचोलीच्या काकू आमच्याकडे सून म्हणून आल्या त्याला चाळीस वर्षं होतील. त्या म्हणायच्या, गोव्यात आम्ही चवथीला फुगडी घालतो, तुमच्या मंगळागौरीची वाट बघत नाही. आणि ही फक्त बायकांची गोष्ट नाहीच. वारीत मुक्कामाच्या ठिकाणी पागोटी घातलेले बाप्ये समोरासमोर उभे राहतात, पायाला पाय लावतात आणि गरगरतात. तुकोबांच्या गाथेतसुद्धा फुगडीचे अभंग आहेत. देवाशी नातं सांगायला त्यांना फुगडी चालली, यावरून तिची योग्यता समजावी.

तर वहिनी.

वहिनी म्हणजे सगळ्यांच्याच वहिनी. सोसायटीची पाण्याची टाकी कधी धुवायची, लिफ्टवाल्याला किती वेळा फोन करायचा, कोणाच्या सासूला दवाखान्यात कोण नेणार, हे त्या ठरवत आणि बहुतेक वेळा स्वतःच करत. भरलेला सिलिंडर त्या एकट्या स्वयंपाकघरात सरकवत नेतात, हे मी पाहिलेलं आहे. घरात दिराचं कर्ज, सासऱ्यांचं अंथरुण, मुलाचं शिक्षण, सगळं त्यांनीच ओढलं. माहेर चिपळूणकडचं. वर्गात आल्या त्या दिवशी पदर खोचून म्हणाल्या, "माहेरी माझ्यासमोर फुगडीला कोणी उभं राहत नसे."

ते खरं असणार. आमच्यातही पुढे कोणी राहिना.

पहिल्यांदा मी उभी राहिले. हातांची अढी घातली, पायाला पाय जुळवले आणि पुढचं मला नीट आठवत नाही. हॉल फिरला, पंखा फिरला, माझे पाय फरशीवर होते की नव्हते देव जाणे. थांबलो तेव्हा माझ्या मनगटावर दोन लाल वळ आणि फरशीवर हिरव्या काचा. वहिनी हसत होत्या. "अगं, किती हलकी गं तू!" म्हणाल्या. त्यांना ते कौतुक वाटत होतं.

मग तिसऱ्या मजल्यावरच्या ताई, मग नव्याने लग्न झालेली बी विंगमधली सून, मग पुन्हा मी. बाईंनी नियम केला, सरावाला काचेच्या बांगड्या काढून ठेवायच्या. वहिनींनी खांदे उडवले. त्या स्वतः काच कधी घालत नसत. "माझ्या हातात टिकत नाही," म्हणायच्या. सोन्याच्या दोन पाटल्या, बस. हळूहळू जोड्या लावायची वेळ आली की कोणाला तहान लागे, कोणाचा फोन वाजे. वहिनींच्या लक्षात आलं नाही असं नाही. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "आजकालच्या बायकांत दम नाही."

बाई काही बोलल्या नाहीत. पुढच्या रविवारी त्यांनी वर्गात खडूचा डबा आणला. निवृत्तीनंतरही खडू बाळगणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही. खडूची भुकटी केली आणि दोघीदोघींच्या तळव्यांना चोळून प्रत्येक जोडीला हॉलचा एक कोपरा दिला. "एक मिनिट फुगडी. मग बाजूला व्हा आणि आपली पावलं बघा."

शहाबादीवर पांढरं छान उठतं. दोन मुलींच्या फुगडीचा ठसा निघाला तो जेवणाच्या ताटाएवढा, जवळजवळ गोल. डिचोलीच्या काकू आणि आजींनी घातली ती फुगडी कसली, रमतगमत फेरी. पण ठसा ताटाएवढाच, फक्त थोडा फिकट. आणि वहिनींचा ठसा? तो हॉलच्या मधून निघाला, नागमोडी होत होत, आणि भिंतीला जाऊन टेकला. त्यांच्या समोर उभी राहिलेली बी विंगमधली सून भिंतीला पाठ लावून धापा टाकत होती.

कोणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं.

"फरशीला उतार आहे," वहिनी म्हणाल्या.

"असेल," बाई म्हणाल्या.

त्यानंतर दोन रविवार वहिनी आल्या नाहीत. वर्गात आम्ही सगळ्या मोकळ्या झालो आणि त्याची लाजही वाटली. तिसऱ्या रविवारी त्या आल्या त्या मागच्या दाराने, आणि खुर्च्या लावू लागल्या. खुर्च्या लावायची काही गरज नव्हती.

तेव्हा एका मुलीने गंमत केली. नऊ वर्षांची, ए विंगमधली, दात पडलेली. ती सरळ वहिनींपुढे हात आडवे करून उभी राहिली. वहिनींनी तिला बेतानेच फिरवलं, पण पोरगी चार फेऱ्यांत थांबली.

"काकू, तुम्ही मागे झुकतच नाही. मी एकटीच झुकते. मग मला भीती वाटते."

"अगं, मी झुकले तर तू धरशील का मला? एवढीशी तू!"

"मी थोडं जास्त झुकेन, तुम्ही थोडं कमी झुका," पोरगी म्हणाली. जणू हा वर्गातल्या गणितातला साधा प्रश्न होता.

आणि तो तसा आहेही. फुगडीत कोणी कोणाला फिरवत नाही. दोघी मागे झुकतात, आपलं वजन समोरचीच्या हातात सोडतात, आणि त्या दोन वजनांच्या मधे कुठेतरी मध्य सापडतो. जड बाईने कमी झुकायचं, तिचं वर्तुळ लहान. हलकीने जास्त झुकायचं, तिचं मोठं. एकीने ताठ उभं राहून दुसरीला ओढलं, तर मध्य सुटतो आणि दोघी भिंतीकडे निघतात. हे मला नंतर बाईंनी सांगितलं. वहिनींना त्यांनी यातलं अवाक्षर सांगितलं नाही. त्यांनी फक्त वर्तमानपत्र मागवलं.

वहिनींच्या दोन्ही कोपरांना वर्तमानपत्राची जाड गुंडाळी केली, वरून सुतळी बांधली. "कोपर वाकलं की कागद करकरेल. करकरला की समजायचं, ओढताय. सरळ राहिला की समजायचं, धरलंय." आणि समोर डिचोलीच्या काकूंना उभं केलं, कारण वजनाला त्या दोघी सारख्या.

पहिल्याच फेरीला कागद करकरला. दुसऱ्याला, तिसऱ्याला. लहान मुली तोंडावर हात ठेवून हसत होत्या. वहिनींचा चेहरा तांबडा झाला. त्या सारख्या खाली, आपल्या पायांकडे बघत होत्या.

"पायांकडे नको," बाई म्हणाल्या. "काकूंच्या कुंकवाकडे बघा. खाली बघितलं की चक्कर येते."

"पाय सरकले तर?"

"सरकले तर काकू आहेत."

"आणि त्यांच्या हातून सुटलं तर?"

आता बाई काय बोलणार! पण डिचोलीच्या काकूच बोलल्या, हात तसेच धरून. "सुटणार नाही असं मी सांगत नाही गो. चाळीस वर्षांत दोनदा सुटलंय. एकदा मी पडले, एकदा माझी नणंद. पण दरवेळी तू नाही झुकलीस, तर मलाच तुझं पण झुकायचं येतं. माझी कंबर दुखते."

वहिनी बराच वेळ उभ्या राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्याच्याने होत नाही."

वहिनींच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. टाकी, लिफ्ट, सिलिंडर, सासरे, कशालाच त्यांनी ते कधी वापरलं नव्हतं. बाईंनी 'होईल, होईल' असं काही म्हटलं नाही. "बरं," म्हणाल्या. "आज एवढंच. कागद घरी न्या."

त्यांनी नेला. कोणाबरोबर सराव केला मला माहीत नाही. मुलाबरोबर असावा, कारण एकदा जिन्यात तो मनगट चोळताना दिसला.

श्रावणातल्या तिसऱ्या मंगळवारी बी विंगमधल्या सुनेची मंगळागौर होती. हॉलला तोरण, पाटावर गौर, पत्रीचा ओला वास, आणि खायला भाजणीचे वडे, मटकीची उसळ. संध्याकाळी वहिनी आल्या आणि माझ्यापुढे हात केला. "तुझ्याकडे काचेच्या जास्तीच्या आहेत?" मी माझ्या डब्यातल्या हिरव्या बांगड्या दिल्या, प्रत्येक हातात सहा. चढवताना त्यांचा हात कडक होता, मी म्हटलं, "वहिनी, सैल सोडा." त्या म्हणाल्या, "तेच तर शिकतेय."

रात्री साडेअकराला फुगडी आली. आधी मुली, मग आम्ही, मग वहिनी आणि काकू. मी जवळच होते, म्हणून सांगते: पहिल्या दोन फेऱ्या वहिनी ताठच होत्या. मग काकू काहीतरी पुटपुटल्या, आणि वहिनींची कोपरं सरळ झाली. पाठ मागे गेली. मानही गेली. दोघी तोंडाने पकवा घालायला लागल्या, आधी सावकाश, मग चढत्या लयीत, आणि जागच्या जागी फिरल्या. ताटाएवढ्या जागेत. वहिनींचे डोळे मिटलेले होते. कुंकवाकडे बघायचं सांगितलं होतं ना, पण त्यांनी ते ऐकलं नाही. ते ठीक आहे.

थांबल्यावर त्या खाली बसल्या, आणि त्यांना उठवायला दोघींनी हात दिला. तो त्यांनी घेतला.

पहाटे सगळ्या पांगल्या. हॉल झाडायला मी आणि वहिनी राहिलो. केर सुपलीत भरला. त्यात बेलाची पानं होती, आघाड्याचा तुरा, मोगऱ्याच्या पाकळ्या, एक केसाचा चाप, वड्याचा तुकडा. वहिनींनी सुपली माझ्या हातातून घेतली, दारातल्या उजेडात नेली आणि बोटाने केर बाजूला करत बराच वेळ पाहत राहिल्या.

"तुझ्या किती आहेत हातात?" त्यांनी विचारलं.

"असतील की सगळ्या."

"असतील काय? मोज."

मी मोजल्या.