यंत्रावर बसवलेले आपण (गीता १८.६१ ते ६३)



आज अठराव्या अध्यायातले तीन श्लोक एकदम घेतो आहे. एरवी मी रोज एकच घेतो, पण ६१वा श्लोक एकटा वाचला की माणूस भलत्याच ठिकाणी जाऊन पोचतो, म्हणून ६२ आणि ६३ त्याला जोडूनच वाचा.

६१व्याचा भाव असा: ईश्वर प्रत्येक जिवाच्या हृदयात बसलेला आहे आणि यंत्रावर चढवलेल्या वस्तूसारखं सगळ्यांना आपल्या मायेनं फिरवतो आहे. शब्द आहे 'यंत्रारूढ'. शंकराचार्यांनी भाष्यात इथे लाकडी बाहुल्यांचा दाखला दिला आहे. आपल्या भाषेत कळसूत्री बाहुल्या म्हणा. आता जत्रेत त्या फारशा दिसत नाहीत, त्यामुळे मुलांना सांगताना मी अडखळायचो. अलीकडे मला दुसरा दाखला सापडला आहे.

पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेगाड्यांचं म्युझियम आहे. भाऊसाहेब जोशी यांनी ते उभारलं आणि १९९८ साली लोकांसाठी खुलं झालं. पाहिलं नसेल तर जरूर जा. नातवंडं नसली तरी जा! एका खोलीत अख्खं गाव मांडलेलं आहे: स्टेशन, सिग्नल, पूल, बोगदे, डोंगर चढणारी गाडी. दिवे मालवतात तेव्हा घराघरात बारीक दिवे लागतात, आणि मोठी माणसंसुद्धा एकदम गप्प होतात. या छंदात सगळ्यात जास्त चालणारं माप म्हणजे १:८७. त्या हिशेबानं तुमच्या-माझ्यासारखा साडेपाच फुटी माणूस दोन सेंटिमीटरपेक्षाही कमी भरतो. एवढीशी माणसं बनवून, रंगवून फलाटावर उभी करायची म्हणजे केवढी चिकाटी! मला तर गाड्यांपेक्षा फलाटावरची माणसंच जास्त आवडतात. कधीची वाट बघत उभी आहेत बिचारी.

आता या गाड्या चालतात कशा ते बघा. साध्या पद्धतीत इंजिनात सेल नसतो. वीज रुळांतून येते, चाकांवाटे मोटारीला मिळते. बाहेर बसलेल्या माणसानं बटण फिरवलं की वेग वाढतो, विजेची दिशा उलटी केली की गाडी मागे येते, सांधा बदलला की दुसऱ्या रुळावर जाते. इंजिनाला वाटत असेल, काय धावतोय मी! ६१वा श्लोक हेच सांगतो. ज्याला आपण 'माझी धाव' म्हणतो, तिच्याखाली दुसऱ्या कुणाची तरी शक्ती वाहते आहे.

आणखी एक गंमत. रुळावर धूळ बसली, चाकांना काजळी धरली की इंजिन धक्के खात चालतं, मधेच थांबतं. नवखा माणूस म्हणतो, लाइट गेली. वीज असते तिथेच, पोचत नसते. म्हणून हे छंदिष्ट लोक रूळ पुसत बसतात, पुन्हा पुन्हा. आपलं रोजचं नाम घेणं मला त्या फडक्यासारखं वाटतं. नामानं देव नव्यानं येत नाही, तो हृदयात आहेच असं श्लोकच म्हणतो.

इथवर दाखला छान चालतो. पण इथेच थांबलं तर पंचाईत आहे.

आमच्या सत्संगाला एक काका येतात, सत्तरी ओलांडलेली. घराच्या वाटणीवरून मुलाशी वाजलं, तीन वर्षं बोलणं नाही. मुलगा राहतो दोन बसथांब्यांवर. कुणी विषय काढला की काका हाच ६१वा श्लोक म्हणून दाखवतात, उच्चार अगदी शुद्ध. "तो फिरवील तसं फिरायचं हो. त्याच्या मनात येईल त्या दिवशी होईल भेट." ऐकणारे माना डोलवतात. वैराग्य वाटतं ते! मला मात्र ते ऐकताना बरं वाटत नाही. ज्या श्लोकानं 'मी'पणा उतरायचा, त्याच्याच आड 'मी'पणा पाय पसरून बसला आहे.

म्हणून पुढचे दोन श्लोक. ६२व्यात भगवंत म्हणतात, त्यालाच सर्वभावानं शरण जा. आता बघा, 'शरण जा' हे सांगायचं कुणाला? इंजिनाला कुणी सांगत नाही. ज्याला न जाण्याचीही मुभा आहे, त्यालाच सांगावं लागतं. आणि ६३व्यात तर कमाल आहे: हे सगळं गुह्य ज्ञान तुला सांगून झालं, आता याचा पुरता विचार कर आणि तुला वाटेल तसं कर. बटणावर हात असलेला माणूस गाडीला असं म्हणेल का? कोथरूडच काय, जगातल्या कुठल्याही लेआउटवर हे घडणार नाही. यंत्राचा दाखला दिला भगवंतांनीच, आणि दोन श्लोकांत तो मोडलाही त्यांनीच. पुढे ७३व्या श्लोकात अर्जुन स्वतःच्या तोंडानं सांगतो की शंका फिटली, तुम्ही म्हणता तसं करीन. तोपर्यंत भगवंत थांबले, त्याचा हात धरून धनुष्याकडे ओढला नाही.

मग शक्ती त्याची की निवड माझी? पंडित वाद घालोत. माझ्यापुरतं मी असं धरलं आहे की चालण्याचं बळ त्याचं, म्हणून चाललो याचा गर्व नको. पण 'चाल' म्हटल्यावर जागचा हललो नाही तर तो जाब माझा.

काकांना हे तीन श्लोक मी एकत्र वाचून दाखवले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "६३वा मला पाठ नाही." मी लिहून दिला. कागद घडी करून खिशात ठेवला त्यांनी. पुढचं त्यांचं त्यांना ठरवू दे, मी विचारलेलं नाही.

उद्या ६४वा घेऊ. 'तुला वाटेल तसं कर' म्हणून झाल्यावरही भगवंतांना राहवत नाही, अर्जुन फार लाडका म्हणून पुन्हा एकदा सांगायला बसतात.

रामकृष्ण हरी.