तसबीर आणि स्मरण

घरातील एखादे माणूस देवाघरी गेले की रडण्याचा आवाज ओसरण्यापूर्वीच कुणीतरी हळूच विचारते, "फोटो आहे का एखादा?" शवपेटीच्या उशाशी ठेवायला, निधनाच्या बातमीसोबत द्यायला, पुढे वर्षाच्या मिस्सेच्या वेळी स्मृतिकार्डावर छापायला तो हवा असतो. आमची आजी वारली तेव्हा आमच्या घरीही असाच शोध सुरू झाला. कपाटे उघडली, ट्रंका उपसल्या, आल्बम चाळले. बाप्तिस्म्याचे, प्रथम ख्रिस्तप्रसादाचे, लग्नांचे शेदोनशे फोटो निघाले. आजीचा एकटीचा असा मात्र एकही निघाला नाही. जी प्रत्येक सणासमारंभाला घरात होती, ती फोटो काढण्याच्या वेळी नेमकी चुलीपाशी किंवा मागच्या पडवीत असे. पहाटेच्या गाडीने भाजीच्या पाट्या घेऊन मुंबईला जाणाऱ्या आणि दुपारी परतून वाडीत राबणाऱ्या त्या बाईला एका जागी उभे राहायला सवड होती कुठे?

अखेर एका लग्नाच्या समूहचित्राच्या मागच्या रांगेतून तिचा चेहरा वेगळा काढून मोठा करून घेतला. स्टुडिओवाल्याने आपुलकीनेच तो उजळून दिला. कपाळावरच्या आठ्या गेल्या, उन्हाने रापलेला रंग गोरा झाला, लुगड्याच्या जागी जरीकाठी साडी आली. तसबीर भिंतीवर लागली, हार चढला, मेणबत्ती पेटली. तेव्हा घरातील सर्वांत धाकटे मूल वर पाहून म्हणाले, "ही कोण?"

त्या प्रश्नाला आम्हांपैकी कुणालाच चटकन उत्तर देता आले नाही. आपण तसबिरी जपतो त्या नेमक्या कशासाठी, आणि त्या जपताना मृतांशी प्रामाणिक राहतो का, हा विचार तेव्हापासून आमचा पाठलाग करीत आहे.

छायाचित्रकलेच्या आरंभकाळातील एक हकिकत इथे सांगण्याजोगी आहे. 1838 साली लुई दागेर यांनी पॅरिसमधील आपल्या खिडकीतून एका गजबजलेल्या रस्त्याचे चित्र टिपले. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर प्रतिमा उमटायला त्या काळी काही मिनिटे लागत. तेवढ्या वेळात घोडागाड्या गेल्या, माणसे गेली. पण हलत्या-फिरत्या कुणाचीही खूण पत्र्यावर उरली नाही. भर दिवसाचा वाहता रस्ता त्या चित्रात ओसाड दिसतो. उमटला तो फक्त बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी थांबलेला एक माणूस, आणि त्याच्या पायाशी पॉलिश करणाऱ्याची अंधुक आकृती. छायाचित्रात आलेली पहिली माणसे म्हणून हे दोघे ओळखले जातात. त्यांची नावे कुणाला ठाऊक नाहीत.

पुढे कॅमेरे वेगवान झाले. तरी आपल्या घरच्या आल्बममध्ये तोच नियम चालत राहिला, असे आम्हांला वाटते. जो थांबला तो उमटला; ज्याचे हात कामात होते तो पुसट झाला किंवा आलाच नाही. म्हणून आल्बम हा कुटुंबाचा पूर्ण इतिहास नव्हे. त्यात केक कापणारे हात दिसतात, भाकरी थापणारे दिसत नाहीत. फोटो नसलेल्या माणसाचे स्मरण तोंडी सांगून पुढच्या पिढीकडे सोपवावे लागते. हे न केले तर राबणाऱ्यांना आपण दोनदा विसरतो, एकदा ती जिवंत असताना आणि एकदा ती गेल्यावर.

दुसरा प्रश्न आहे तो चेहरा उजळण्याचा. बाळ येशूच्या संत तेरेझेचे चित्र आपल्यापैकी अनेकांच्या घरी असते. तिची थोरली बहीण सेलीन 1894 साली लिझ्यूच्या कार्मेल मठात दाखल झाली, ती आपला कॅमेरा बरोबर घेऊन. त्यामुळेच एकांतवासी मठात राहून 1897 साली, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी निवर्तलेल्या या संतिणीची छायाचित्रे आज आपल्याला पाहायला मिळतात. मात्र जगभर प्रथम पोहोचल्या त्या सेलीनने हात फिरवून सौम्य केलेल्या प्रतिमा. मूळ छायाचित्रे जशीच्या तशी प्रसिद्ध झाली ती 1961 साली, सेलीनच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. त्यांत दिसतो तो एका कणखर, काहीशा थकलेल्या, निर्धारी तरुणीचा चेहरा.

सेलीनला दोष देणे सोपे आहे. तसे करू नये. काही सेकंद निश्चल उभ्या राहिलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर त्याचे खरे भाव उतरत नाहीत, कॅमेऱ्याने आपली बहीण आपल्याला दिसली तशी टिपलीच नाही, अशी तिची प्रामाणिक समजूत होती. आमच्या स्टुडिओवाल्याचा हेतू तरी कुठे वाईट होता? परंतु खुद्द तेरेझेची दृष्टी वेगळी होती. पवित्र मरियेविषयी प्रवचन करताना अद्भुत गोष्टी सांगण्याऐवजी तिचे खरे, साधे जीवन सांगावे, असे ती म्हणत असे. आपल्या मृतांच्या बाबतीतही हाच नियम लावायला नको का? आजीच्या कपाळावरच्या आठ्या हा तिच्या चेहऱ्याचा दोष नव्हता; तिने आमच्यासाठी वाहिलेल्या पाट्यांचा तो हिशेब होता. पुनरुत्थित प्रभूचे शरीर तेजोमय झाले, तरी हातांवरच्या खिळ्यांच्या खुणा त्याने पुसल्या नाहीत. थोमाने त्याला ओळखले ते त्या खुणांवरून. मग आपण आपल्या माणसांच्या खुणा पुसून त्यांना ओळखणार कसे?

तिसरा प्रश्न अधिक अवघड आहे. त्याच शोधात ट्रंकेच्या तळाशी आम्हांला एक कापलेले छायाचित्र सापडले. ओट्यावर खुर्चीत आजोबा बसलेले. त्यांच्या उजव्या खांद्यावर कुणाचा तरी हात. पण मनगटाच्या पुढे काहीच नाही. तिथून कागद कात्रीने सरळ कापलेला. हात कुणाचा ते आम्हांला मोठ्यांच्या कुजबुजीवरून ठाऊक होते. आजोबांच्या धाकट्या भावाचा. वाडीच्या वाटणीवरून दोघांत वितुष्ट आले आणि पलीकडच्या आळीतील त्या घराशी बोलणे संपले. कात्री कुणी चालवली हे कुणी सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही.

फोटो कापणारा माणूस खरे म्हणजे काय करू पाहतो? आपल्याला दुखावणाऱ्याला तो आजच्या दिवसातून दूर करीत नाही. ज्या दिवशी तो प्रेमाने जवळ उभा होता, त्या दिवसातून त्याला हाकलतो. भांडण खरे होते हे मान्य. पण खांद्यावरचा हातही तितकाच खरा होता. क्षमेची वाट याच ठिकाणी बंद होते. एके काळी आपण एकमेकांचे होतो याचा पुरावाच नष्ट केला, तर परत जायचे ते कुठे?

छायाचित्र आपल्या वतीने आठवण ठेवील, ही समजूतही तपासून पाहावी लागते. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात येशूसंघीयांचे फेअरफील्ड विद्यापीठ आहे. तेथील मानसशास्त्रज्ञ लिंडा हेन्केल यांचा एक प्रयोग 2014 साली प्रसिद्ध झाला. त्यांनी विद्यार्थ्यांना संग्रहालयात नेऊन काही वस्तूंचे फोटो काढायला लावले आणि काही नुसत्या पाहायला सांगितल्या. दुसऱ्या दिवशी, फोटो काढलेल्या वस्तू विद्यार्थ्यांना कमी आठवल्या. मात्र वस्तूचा एखादा भाग जवळून, निरखून टिपला होता, तिथे स्मरणाची अशी हानी झाली नाही. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी वेदीकडे पाठ करून मोबाइल उंचावणाऱ्या आम्हां पालकांनी यावर थोडा विचार करावा. यंत्राने टिपले म्हणून आपण पाहिले असे होत नाही. मन जिथे ठरते तिथेच आठवण रुजते.

याचा अर्थ तसबिरी उतरवून ठेवाव्यात असा मुळीच नाही. प्रतिमांवरून ख्रिस्तसभेत मोठा वाद झाला तेव्हा 787 सालच्या निसिया येथील दुसऱ्या विश्वपरिषदेने निर्णय दिला की, प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेपाशी थांबत नाही, ती ज्याची आहे त्याला तो पोहोचतो. हा निर्णय पवित्र प्रतिमांविषयी होता. तरी त्यातील मर्म घरच्या भिंतीलाही लागू पडते. तसबीर हे दार आहे. आपण दाराशीच हार घालून परतलो तर आत वाट पाहणारे माणूस तसेच राहते. 2 नोव्हेंबरला आपण कबरींवर फुले वाहतो, मिस्सेत आपल्या मृतांची आठवण करतो. तिथे त्यांची छायाचित्रे लागत नाहीत. त्यांना नावाने हाक मारणारे कुणीतरी लागते.

आजीच्या दफनाला पलीकडच्या आळीतील मंडळी आली होती. दूर उभी राहून माती देऊन गेली. महिन्याची मिस्सा झाल्यावर ते कापलेले छायाचित्र घेऊन आम्ही भावंडे त्यांच्या घरी गेलो. धाकटे आजोबा केव्हाच वारले होते. धाकट्या आजीने आम्हांला ओळखले, "या, बाळांनो" म्हटले आणि पाणी आणून दिले. समोरच्या भिंतीवर तेच छायाचित्र होते, अखंड. खुर्चीत आमचे आजोबा आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून हसणारा धाकटा भाऊ. त्या घराने कात्री चालवली नव्हती.

आणि त्या भावाच्या मागे, दाराच्या चौकटीत, आणखी कुणीतरी होते. हातात कळशी, पाऊल उचललेले, चेहरा हलल्यामुळे थोडा अस्पष्ट. धाकट्या आजीने बोट ठेवून सांगितले, "ही तुमची आजी. फोटोला ये म्हटले तर म्हणाली, आधी पाणी भरते." कात्रीने भावाला दूर केले, तेव्हा त्याच्याबरोबर तीही कापली गेली होती.

त्या चित्राची प्रत आता आमच्या घरी लागली आहे. तिच्या मागे सर्वांची नावे लिहिली आहेत, धाकट्या आजोबांचेही. उजळलेली तसबीर आम्ही उतरवली. नव्या चित्रातील आजी पुरती स्पष्ट दिसत नाही, तरी ती कोण, असे घरातील मुलांनी पुन्हा विचारले नाही. कारण ती तसबीर लावताना आम्ही त्यांना कळशीची, पाट्यांची आणि त्या तुटलेल्या हाताचीही गोष्ट सांगितली.