उरलेल्या भोपळ्याचा धर्म

फ्रीजमध्ये उरलेला अर्धा भोपळा हा मला धर्माचा प्रश्न वाटतो आणि तो तसाच मांडायचा आहे. उरलेल्याचं काय करायचं याचे निर्णय घराघरांत रोज होतात. ते बहुतेक वेळा बाई एकटीच घेते, ओट्यापाशी उभी राहून. पण त्यामागे आपण काय मानतो, हे कुणी बोलून दाखवत नाही.

बंगळूरमध्ये हा प्रश्न वर्षातून एकदा थेट रस्त्यावर येतो. आपली खंडेनवमी ती इथली आयुधपूजा. कारखान्यातल्या लेथपासून ऑटोपर्यंत आणि बसपासून ऑफिसातल्या काँप्युटरपर्यंत सगळ्यांना त्या दिवशी हळदकुंकू लागतं. आधीचे काही दिवस के. आर. मार्केटात शेवंती, केळीचे खुंट आणि कोहळे यांच्या राशी पडलेल्या असतात. कोहळ्याला वरून खाप काढून आत कुंकू आणि नाणं घालतात, वर कापूर पेटवतात, गाडीवरून ओवाळतात आणि दारासमोर रस्त्यावर आपटतात. आमच्या राजाजीनगरात त्या संध्याकाळी पाय ठेवायला कोरडी जागा मिळत नाही. लाल झालेल्या गरावरून दुचाक्या घसरतात. रस्त्यात कोहळे फोडू नका, असं पोलीस आणि पालिका लोकांना विनवतात. शिवाय जे कोहळे विकलेच जात नाहीत, ते विक्रेते फुटपाथवर तसेच टाकून निघून जातात. दसऱ्याच्या सकाळी त्यांना गिऱ्हाईक कुठलं? ते परत न्यायचं भाडंही सुटत नाही.

हा कोहळा का फोडतात, हे मला ठाऊक आहे, आणि त्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. कालिकापुराणात कोहळा आणि ऊस यांना बळीच्या पंक्तीत बसवलंय. देवीची तृप्ती बोकडानं होते तशीच यांनीही होते, असं तिथं म्हटलंय. पशूच्या मानेवरची सुरी उचलून फळावर ठेवणारा जो कुणी पहिला माणूस असेल, त्याला मी मनापासून हात जोडते. आपल्या धर्मात करुणेनं टाकलेल्या मोठ्या पावलांपैकी ते एक आहे.

माझ्या माहेरी, साताऱ्याकडे, कोहळ्याला आणि तांबड्या भोपळ्याला पहिली सुरी पुरुषानं लावायची रीत होती. वडील घरात नसले तर आई शेजारचा एखादा शाळकरी पोरगा बोलावून आणी. तो जोर लावून एक खाप देई, मग पुढचं सगळं चिरणं आईचं. बाईनं का लावू नये याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. माझ्या मते त्या रितीत बळीचीच आठवण आहे. हे कापणं म्हणजे नुसती भाजी चिरणं नव्हे, इथं कुणाचा तरी जीव मोजलाय, एवढं ती रीत सांगते. बाईपुरतं बंधन मी पाळत नाही, सुरी मीच चालवते. पण कापण्यातलं ते गांभीर्य मला खरं वाटतं. म्हणूनच ज्या फळाला जीव मानून कापायचं, त्याचं अर्धं अंग फ्रीजच्या तळाशी सडू द्यायचं किंवा चाकाखाली चिरडू द्यायचं, हे मला पटत नाही. बळी दिला आणि शेषाकडे पाठ फिरवली तर ते कर्म अर्धं राहिलं असं मी समजते.

शेषाबद्दल आपले ग्रंथ एका सुरात बोलत नाहीत. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात उच्छिष्टावर, म्हणजे यज्ञातून उरलेल्यावर, एक अख्खं सूक्त आहे, आणि त्यात नामरूपापासून सगळं जग त्या उरलेल्यावर टेकवलंय. गीतेचा तिसरा अध्याय यज्ञातून उरलेलं खाणाऱ्याला पापमुक्त म्हणतो, तर चौथा अध्याय त्याच उरलेल्याला अमृत म्हणतो. आणि सतराव्या अध्यायात, दहाव्या श्लोकात, प्रहर उलटून गेलेलं, शिळं आणि उष्टं अन्न तामसी माणसाला आवडतं असं सांगितलंय. एकाच ग्रंथात उरलेलं अमृतही आहे आणि तमोगुणही.

आमच्या समोरच्या घरातल्या माध्व अज्जी सतराव्या अध्यायाच्या बाजूच्या. त्यांच्याकडे सकाळचं संध्याकाळी ताटात येत नाही. मी एकदा त्यांना विचारलं, अज्जी, मग भोपळा अर्धा उरला तर काय करता? त्या म्हणाल्या, चिरलेला उरला तर तो उरलेला, शिजवलेला उरला तर तो शिळा. आणि तुपात तळलेल्याला काय धाड भरते? मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात जवळपास हेच आहे. तूप-तेलाचा अंश असलेलं अन्न आणि होमातून उरलेलं हविष्य शिळं झालं तरी खायला चालतं, असा तो नियम आहे. आपल्या घारग्यांना याहून जुना आधार कुठला हवा!

घारगे म्हणजे उरलेल्या भोपळ्याला मिळालेली गतीच. फ्रीजमध्ये ठेवलेला भोपळा आधी मधून बिघडतो. बियांभोवतीचा तो तंतूंचा गाभा पाणी सोडतो, बुळबुळीत होतो आणि मग गर धरतो. म्हणून अर्धा ठेवायचाच असेल तर गाभा आणि बिया आधी काढायच्या, आतली बाजू कोरडी पुसायची. मग दोन दिवसांनी तो किसायचा, चमचाभर तुपावर परतायचा, मऊ झाला की चिरलेला गूळ घालायचा. गूळ विरघळल्यावर मिश्रण एकदम पातळ होतं आणि नवशिकी बाई घाबरते. घाबरायचं नाही, आटू द्यायचं. उलथनं फिरवल्यावर कढईचा तळ क्षणभर दिसायला लागला की उतरवायचं. गार झाल्यावर मीठ, वेलची, थोडं तांदळाचं पीठ आणि मावेल तेवढीच कणीक. पाण्याचा थेंब नाही. पाणी घातलं की घारगा तेल पितो. केळीच्या पानावर थापायचे आणि मध्यम आचेवर तळायचे. दोन दिवस छान राहतात. सालं फेकायची नाहीत, ती तेलावर कुरकुरीत परतून तीळ, सुकं खोबरं आणि मिरचीबरोबर कुटली की चटणी होते. बिया धुऊन वाळवायच्या, भाजून सोलून खायच्या. आणि फारच थोडा भोपळा उरला असेल तर वाफवून दह्यातलं भरीत करायचं, वर मोहरी-हिंगाची फोडणी.

कोहळ्याचं मी इथं शिकले. अज्जींच्या घरी त्याची मज्जिगे हुळी होते. भिजवलेली हरभऱ्याची डाळ, ओलं खोबरं, हिरवी मिरची, जिरं, धणे वाटून ताकात, आणि त्यात शिजलेल्या फोडी. लग्नकार्यात पानावर पडतो तो काशी हलवा, तोही कोहळ्याचाच, किसून पिळून साखर-तुपात शिजवलेला. पिळून निघालेलं पाणी मी थालीपिठाच्या पिठात घालते, आणि चोथा जास्त झाला तर उडदाच्या वाटलेल्या डाळीत कालवून सांडगे घालते. कोहळ्याचे सांडगे आपल्याकडे होतेच. बंगळूरच्या मार्चमधल्या उन्हात तेही कडकडीत वाळतात.

माझी भाची न्यू जर्सीत असते. तिला भोपळा डब्यातून मिळतो, लिब्बीजचा, शिजवून वाटलेला, पंधरा औंसांचा म्हणजे ४२५ ग्रॅमचा. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुमारास ती सूपला अर्धा डबा वापरते आणि मग अर्ध्याचं काय करू म्हणून मला फोन करते. मी तिला सांगितलं, डब्यातून काढून काचेच्या बरणीत घाल आणि त्याच आठवड्यात घारगे कर. तुझं किसणं-शिजवणं वाचलं, आटवणं तेवढं जास्त वेळ लागेल. त्या डब्यातला डिकिन्सन वाणाचा भोपळा आणि आपल्याकडचा नेहमीचा तांबडा भोपळा वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं एकाच कुळातले, एकाच जातीचे. आणि मूळचे दोघेही अमेरिकेचे. कोहळा आशियाचा, तांबडा भोपळा मात्र कोलंबसाच्या नंतरच समुद्र ओलांडून आपल्याकडे आला. तरी आज ऋषिपंचमीच्या भाजीत तो आहे, बऱ्याच घरांत उपासालाही चालतो. कुठल्याही ऋषीनं जो पाहिला नव्हता, त्याला ऋषींच्या पानात जागा देणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांचा मला अभिमान वाटतो. सोवळ्याच्या भिंतीत एवढं मोठं दार त्यांनी कुणालाही न विचारता उघडलं.

आता मूळ प्रश्नाकडे येते. उरलेलं अमृत कधी आणि तमोगुण कधी? घड्याळ लावून याचं उत्तर मिळत नाही. मला ते महाभारतातल्या मुंगसाच्या गोष्टीत मिळतं. युधिष्ठिराचा अश्वमेध संपला, दानधर्माचा जयजयकार झाला, तेव्हा अर्धं अंग सोन्याचं असलेलं एक मुंगूस तिथं आलं आणि म्हणालं, हा यज्ञ कुरुक्षेत्रातल्या त्या ब्राह्मणाच्या मापभर सातूच्या तोडीचा नाही. तो ब्राह्मण शेतात सांडलेले दाणे वेचून जगणारा. दुष्काळात कसंबसं मिळालेलं सातूचं पीठ नवरा, बायको, मुलगा आणि सून यांनी वाटून घेतलं, तेवढ्यात अतिथी आला. आधी नवऱ्यानं आपला वाटा दिला, मग बायकोनं, मग मुलानं, मग सुनेनं. तिथं सांडलेल्या उरल्यासुरल्या कणांत मुंगूस लोळलं आणि त्याचं अर्धं अंग सोन्याचं झालं. उरलेलं अर्धं सोन्याचं व्हावं म्हणून ते यज्ञामागून यज्ञ हिंडलं. अश्वमेधाच्या उष्ट्यातही लोळलं, काही झालं नाही.

देण्यातून उरलं ते अमृत, भरल्या पोटी टाकलं ते उष्टं, असा त्याचा अर्थ मी लावते. आणि इथं मला त्याच मनुस्मृतीशी भांडावं लागतं, जिच्यातला तुपाचा नियम मी वर कौतुकानं सांगितला. तिच्या दहाव्या अध्यायात शूद्र सेवकाला उष्टं अन्न आणि जुनी वस्त्रं द्यावीत असं लिहिलंय. ज्यांनी पिढ्यानपिढ्या हे सोसलं, त्यांना १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उष्टे, शिळे तुकडे घेणं सोडा असं सांगितलं. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळली गेली. शेषाच्या पावित्र्याबद्दल लिहिणाऱ्यानं हे वगळून लिहू नये. उरलेलं पवित्र म्हणायचं आणि ते दुसऱ्याच्या ओंजळीत टाकायचं, हा आपल्या समाजाचा जुना अधर्म आहे.

तो संपला असं मी म्हणणार नाही. बंगळूरच्या अपार्टमेंटांत काल-परवाचं शिजलेलं कामवाल्या अक्काला देऊन टाकण्यात दान केल्याचं समाधान मानलं जातं. आमच्याकडे येणाऱ्या अक्कांना मी उरलेलं देत नाही. उरलेल्या भोपळ्याचे घारगे करते तेव्हा पहिल्या घाण्यातले गरम चार त्यांच्या ताटलीत आणि दुसऱ्या दिवशीचे गार आमच्या. त्या एकदा हसून म्हणाल्या, दुसऱ्या दिवशीचे जास्त गोड लागतात, ते का नाही देत? तेव्हापासून दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एकत्र चहाबरोबर खातो.

आणि आपण टाकतो ते कुठं जातं? या शहराचा कचरा वर्षानुवर्षं शहराबाहेर मंडूर गावाच्या अंगावर पडत होता. दुर्गंधी, माश्या आणि नासलेलं पाणी सोसून गावकरी रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठं २०१४ साली तिथं कचरा टाकणं थांबवायचं ठरलं. नवमीचा आपला फोडलेला कोहळाही असाच कुणाच्या तरी दारात जाऊन पडतो. दृष्ट आपल्या गाडीवरून उतरवायची आणि ती परगावच्या विहिरीत सोडायची, असा धर्म कुठल्याही पोथीत मला सापडत नाही.

दृष्टीचा कोहळा खाऊ नये म्हणतात. नका खाऊ, त्या भावनेला मी हात लावणार नाही. पण यंदाच्या खंडेनवमीला तो रस्त्यावर न आपटता अंगणात किंवा गच्चीवर, खाली परात ठेवून फोडा. आतलं नाणं काढून घ्या आणि तुकडे झाडाच्या आळ्यात पुरा किंवा ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाका. ओवाळायला एक आणलात तर सैपाकाला दुसरा आणा, आणि तोही फुटपाथवर उरलेल्या ढिगातला, दसऱ्याच्या सकाळी, विक्रेता तो टाकून जाण्याआधी, त्यानं मागितलेले पैसे देऊन.