पाळण्याची दोरी

मार्गशीर्ष पौर्णिमेला आपण दत्तजन्माचा पाळणा हलवतो, सुंठवडा वाटतो. ब्रह्मा, विष्णू, महेश सत्त्व पाहायला आले आणि अनसूयामातेने त्यांची बाळे केली, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. मला तिच्यातली एक गोष्ट फार मोठी वाटते. कसोटी पाहणारेच मातेच्या हाती सापडले होते, तरी तिने राग काढला नाही. दूध पाजले.

घरोघरी मोठ्यांच्या हाती अशीच सत्ता असते. लेकरू उलटून मारू शकत नाही, घर सोडून जाऊ शकत नाही. आपण म्हणतो, "आम्हीही मार खाल्ला, बिघडलो का?" पण मारामुळे शहाणे झालो की मार खाऊनही झालो, हे कोणी तपासलं? माझ्या मते मारातून लेकरू दोनच गोष्टी शिकतं : बळ त्याचं खरं, आणि चूक लपवावी.

दुसरी गोष्ट बोलायला जड आहे. २००७ साली केंद्र सरकारने महाराष्ट्रासह १३ राज्यांतल्या १२ हजारांवर मुलांना विचारून अहवाल काढला. निम्म्याहून अधिक मुलांनी लैंगिक त्रास झाल्याचे सांगितले. त्रास देणारे बरेचसे ओळखीचे, विश्वासातले होते.

आपल्या अंबड, घनसावंगी, मंठा भागातले आईबाप ऊसतोडीला जातात. लेकरं मागे आजी-आजोबांकडे, नातलगांकडे राहतात. म्हणजे राखण आपल्यासारख्या म्हाताऱ्यांवरच. लेकरू एखाद्या माणसाजवळ जायला घाबरत असेल, एकाएकी गप्प झालं असेल, अंथरूण ओलं करत असेल, तर रागावू नका. जवळ बसवा. सांगेल ते पुरतं ऐका. "तुझी चूक नाही" असं म्हणा. पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका.

"घरातलं घरातच मिटवू," असं कोणी म्हणेल. का तर अब्रू. पण अब्रू करणाऱ्याची जावी, सोसणाऱ्याची कशाला? २०१२ च्या पोक्सो कायद्याने असा प्रकार माहीत असणाऱ्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवणं गुन्हा आहे. लेकराचं नाव छापायला, जाहीर करायला बंदी आहे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा फोन रात्रंदिवस फुकट लागतो.

अवधूतांनी चोवीस गुरू केले, त्यांत बालकही आहे. त्या गुरूवर हात उगारायचा, किंवा उगारणाऱ्याला झाकायचं, आणि मग पादुकांवर डोकं ठेवायचं, हे महाराजांना पोचेल का, ते ज्याने त्याने मनाशी ठरवावं.

श्रीगुरुदेव दत्त.